आग होते म्हणजे गुण येतो, असं नाही

पत्राचा सारांश : लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या आहेत. बोरिवलीला राहतात, चर्चगेटजवळ बँकेत नोकरी करतात. डिसेंबरात मुलीचं लग्न आहे. भाचीच्या सांगण्यावरून जूनपासून त्या पाच गोष्टी लावतायत : सकाळी १५ टक्के व्हिटॅमिन सी आणि १० टक्के नायसिनामाइड, रात्री ग्लायकोलिक ॲसिडचं टोनर, त्यावर १ टक्का रेटिनॉल आणि वरून पेप्टाइडचं क्रीम. दोन महिन्यांत चेहरा ताठरला, साधा फेसवॉश लावला तरी चुरचुरतो, तोंडाभोवती सालं निघतात आणि तिथली त्वचा आधीपेक्षा काळवंडली आहे. गालांवरचे डाग, विशेषतः डाव्या गालावरचे, जसेच्या तसे आहेत. भाची म्हणते, आग होतेय म्हणजे काम करतंय, थांबू नकोस. नणंद म्हणते, सगळं टाकून दे आणि हळद-चंदन लाव. पार्लरवालीने नऊ हजारांचा कोलॅजन सेट सुचवलाय. केमिस्टने डागांसाठी एक ट्यूब दिली आहे, ती अजून उघडलेली नाही. ‘यातलं खरं काय, आणि डिसेंबरपर्यंत चेहरा दहा वर्षांनी तरुण दिसायला नेमकं काय घेऊ?’ असं त्या विचारतात. सनस्क्रीनबद्दल पत्रात एकच ओळ आहे : ‘लावते, मार्चमध्ये आणलेली ट्यूब अजून चालू आहे.’

प्रिय ताई,

आज रात्रीपासून पाचही गोष्टी बंद करा. निदान तीन आठवडे. सौम्य फेसवॉश, साधं बिनवासाचं मॉइश्चरायझर आणि सकाळी सनस्क्रीन, एवढंच ठेवा. केमिस्टची ट्यूब उघडूच नका. तिच्याबद्दल पुढे लिहिलंय.

भाचीचं म्हणणं आधी घेते, कारण तुमचा सगळा त्रास तिथून सुरू झालाय. औषध जितकं झोंबेल तितकं ते गुणकारी, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. चेहऱ्याच्या बाबतीत ती तपासून पाहिली गेली आहे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत उन्हाने जून झालेल्या त्वचेवर ट्रेटिनॉइनची (हे रेटिनॉलच्याच घराण्यातलं, त्याहून तीव्र औषध) दोन प्रमाणं ४८ आठवडे लावून बघितली : ०.०२५ टक्के आणि त्याच्या चौपट, ०.१ टक्का. सुरकुत्यांमधला फरक दोन्हीकडे जवळपास सारखाच पडला. लाली आणि सालं निघणं मात्र तीव्र औषधाने जवळजवळ तिप्पट झालं. म्हणजे आग हा वेगळा परिणाम आहे, गुण हा वेगळा.

आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत हा फरक आणखी महत्त्वाचा ठरतो. आपल्याकडे सुरकुत्या तुलनेने उशिरा येतात, डाग आधी येतात. त्वचेला कुठेही इजा झाली, मग ती पुळी असो, भाजणं असो किंवा क्रीमची आग असो, रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चवताळतात आणि मागे काळपट छटा ठेवून जातात. तोंडाभोवतीचं काळवंडणं बहुधा तेच आहे. तुम्ही वय घालवायला जे लावलंत त्यानेच चेहऱ्यावर नवा डाग आणला. हळू जाणं हा आपल्या त्वचेसाठी औषधाचाच भाग आहे, घाबरटपणा नव्हे.

आता सनस्क्रीन. तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण माझ्या मते सगळ्या पत्रातली महत्त्वाची ओळ तीच. ट्यूब ५० ग्रॅमची असेल असं धरू. मार्च ते ऑगस्ट साधारण दीडशे दिवस. रोजचा हिशेब पडतो ग्रॅमचा एक तृतीयांश. चेहरा आणि मान मिळून लागतं साधारण एक ग्रॅम किंवा थोडं जास्तच. बाटलीवरचा एसपीएफ प्रयोगशाळेत मोजतात तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम इतका जाड थर देतात. त्याच्या तिसऱ्या हिश्शाने ‘एसपीएफ ५०’ मिळत नाही, त्याच्या बऱ्याच खाली येतं. रोज पुरेसं लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब दीड महिन्यात संपायला हवी. वाचणाऱ्या प्रत्येकाने आपल्या ट्यूबची तारीख बघावी. बहुतेक घरांत हाच हिशेब निघेल.

मोजायची सोपी रीत : तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. एवढं सगळं चेहरा आणि मानेला. एका दमात लावलं तर पांढरं थापल्यासारखं दिसतं, म्हणून आधी एका बोटाचं लावा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग दुसऱ्या बोटाचं. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. घराबाहेर पडण्याआधी पंधरा मिनिटं थर बसू द्या. मुंबईच्या घामात जाड क्रीम टिकत नाही आणि डोळ्यांत उतरून झोंबतं, त्यामुळे जेल किंवा पातळ फ्लुइड घ्या आणि डोळ्यांभोवती झिंक ऑक्साइडचं वेगळं वापरा. घाम रुमालाने टिपा, पुसू नका. पुसलंत तर थर रुमालावर जातो.

एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबी किरणांचा, म्हणजे त्वचा लाल करणाऱ्या उन्हाचा. सुरकुत्या पाडणारे यूव्हीए किरण अधिक खोल जातात. त्यांच्यामुळे त्वचेत कोलॅजन, म्हणजे त्वचेला घट्ट धरणारं प्रथिन, तोडणारे एन्झाइम वाढतात आणि नवं कोलॅजन बनणं मंदावतं. हे किरण ढगांतून येतात, साध्या काचेतूनही येतात, म्हणून पावसाळा किंवा ऑफिसातली खिडकी ही सुटी नव्हे. यूव्हीएसाठी ट्यूबवर ‘पीए’ आणि त्यापुढची अधिकची चिन्हं बघा. तीन असावीत, चार असली तर उत्तम. वांगासारखे डाग असतील तर आयर्न ऑक्साइड घातलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन घ्या. आपल्या वर्णाच्या त्वचेत नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात आणि ते अडवायला आयर्न ऑक्साइड लागतं.

डाव्या गालाचं कोडं मला गाडीत सुटताना दिसतं. सकाळची चर्चगेट लोकल दक्षिणेकडे जाते, म्हणजे पूर्व डाव्या हाताला. गाडीच्या दिशेने तोंड करून डावीकडच्या खिडकीशी बसलं की नऊचं ऊन थेट डाव्या गालावर. संध्याकाळी बोरिवलीकडे परतताना तोंड उत्तरेला, पश्चिम पुन्हा डावीकडे. त्या वेळचं ऊन मवाळ असतं, पण गाल तोच. तुमची जागा हीच असेल तर वीस वर्षांचं ऊन एका बाजूला जमलेलं आहे. २०१२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका ६९ वर्षांच्या ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं त्याच्या डाव्या गालावर खिडकीच्या काचेतून ऊन पडत होतं. चेहऱ्याचा तो अर्धा भाग जाड आणि खोल सुरकुत्यांचा झाला होता, उजवा बराच सपाट होता. उभं राहावं लागलं तर आनंदच माना, बसलात तर सावलीची बाजू धरा.

सनस्क्रीन नुसतं डाग अडवतं असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बूर इथे ५५ वर्षांखालच्या ९०३ जणांना साडेचार वर्षं पाहिलं. निम्म्यांनी रोज लावायचं, निम्म्यांनी मनाला येईल तेव्हा. हाताच्या पाठीवरच्या त्वचेचे ठसे घेऊन तुलना केली, तेव्हा रोज लावणाऱ्यांत वयाच्या खुणा २४ टक्क्यांनी कमी निघाल्या. हा निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाला. ते लोक गोऱ्या वर्णाचे होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नये, पण दिशा स्पष्ट आहे. इतकी भक्कम चाचणी तुमच्या कपाटातल्या दुसऱ्या कुठल्याही बाटलीमागे नाही.

एक सोडून. ते म्हणजे रेटिनॉलचं घराणं.

रेटिनॉल हे व्हिटॅमिन ए. त्वचेत शिरल्यावर ते आधी रेटिनॅल्डिहाइड होतं, मग रेटिनॉइक ॲसिड. काम करतं ते हे शेवटचं. पेशीच्या केंद्रकातल्या रिसेप्टरला चिकटून ते काही जनुकांचं काम वाढवतं, काहींचं कमी करतं. त्यातून नवं कोलॅजन बनतं, कोलॅजन तोडणारे एन्झाइम आवरतात, वरच्या थरातल्या पेशी लवकर बदलतात आणि साचलेलं रंगद्रव्य विरळ होतं. ट्रेटिनॉइन म्हणजे रेटिनॉइक ॲसिडच. ते मुळात मुरुमांचं औषध. ते लावणाऱ्या मोठ्या वयाच्या रुग्णांची त्वचा नितळ होते हे अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकी त्वचातज्ज्ञांच्या लक्षात आलं आणि १९८६ साली त्यांनी त्यावर निबंध प्रसिद्ध केला. तिथून हे सगळं सुरू झालं. रेटिनॉल दोन पायऱ्या चढून तिथवर पोचतं, वाटेत बरंच वाया जातं, म्हणून ट्रेटिनॉइनपेक्षा कितीतरी पट सौम्य असतं. पण १ टक्का ही दुकानात मिळणाऱ्या प्रमाणांतली वरची पायरी आहे आणि तुम्ही सुरुवातच तिथून केलीत, तीही रोज, तीही ग्लायकोलिक ॲसिडवर. ग्लायकोलिक ॲसिड वरचा मृत थर सैल करतं. तो सैल झाल्यावर रेटिनॉल एरवीपेक्षा जास्त आणि भराभर आत जातं. चेहरा जळायला एवढं पुरेसं आहे.

तीन आठवड्यांनी, म्हणजे सप्टेंबरात, फेसवॉशने चुरचुरणं पूर्ण थांबलं असेल तरच पुन्हा सुरुवात करा. नवी ट्यूब ०.२ किंवा ०.३ टक्क्यांची घ्या. हवा आणि उजेड लागला की रेटिनॉल निकामी होतं, त्यामुळे अपारदर्शक ट्यूब किंवा पंप घ्या, पारदर्शक काचेची ड्रॉपरची बाटली नको. आधी चार-पाच रात्री जबड्याच्या कडेला, कानाखाली थोडंसं लावून बघा.

मग आठवड्यातून दोनच रात्री, समजा सोमवार आणि गुरुवार. तोंड धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबा. ओल्या त्वचेत रेटिनॉल जास्त शिरतं आणि झोंबतं. डोळ्यांचे कोपरे, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे इथे व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. औषध ओघळून साचतं ते इथेच, आणि तुमची सालं निघाली तीही इथूनच. मग मॉइश्चरायझर, त्यावर वाटाण्याच्या दाण्याएवढं रेटिनॉल. कपाळ, दोन्ही गाल आणि हनुवटीवर एकेक ठिपका देऊन पसरवा आणि वरून पुन्हा थोडं मॉइश्चरायझर. जास्त घेतल्याने गुण वाढत नाही. चार आठवडे नीट गेले तर तीन रात्री करा, पुढच्या चार आठवड्यांनी एक दिवस आड. मध्ये कधी चुरचुरलं तर त्या आठवड्यात थांबा आणि परत दोन रात्रींवर या. हलका कोरडेपणा पहिल्या काही आठवड्यांत चालतो. आग, सूज किंवा काळपटपणा चालत नाही.

हे पत्र वाचणाऱ्यांत कुणी गरोदर असेल किंवा बाळाचा विचार करत असेल तर रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन दोन्ही वर्ज्य. डॉक्टरांना ॲझेलाइक ॲसिडबद्दल विचारावं.

व्हिटॅमिन सीबद्दल. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बाटली जूनची असेल आणि बाथरूमच्या कपाटात असेल तर ती उजेडात धरून बघा. फिकट पिवळं असेल तर ठीक. कोऱ्या चहासारखं तपकिरी झालं असेल तर फेकून द्या. त्यातलं एल-ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सी, हवेने विघटित होऊन दुसरंच काही झालंय, आणि त्या विघटनातून निघणारा एक पदार्थ त्वचेवर पिवळसर छटा सोडतो. हे रसायन आत शिरायला द्रावणाचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितकं आंबट) ३.५ च्या खाली लागतो, प्रमाण १० ते २० टक्क्यांच्या दरम्यान. २० च्या वर गेल्याने त्वचेत जास्त जात नाही, झोंबतं मात्र. आणि ३.५ पीएच म्हणजे आंबटच. ज्या चेहऱ्याला फेसवॉश सहन होत नाही त्याला ते कसं होईल? १५ टक्के सी, १ टक्का ई आणि ०.५ टक्का फेरुलिक ॲसिड हे मिश्रण टिकतं बरं आणि उन्हाविरुद्धचा त्याचा परिणाम २००५ मधल्या प्रयोगात नुसत्या सी-ईच्या साधारण दुप्पट दिसला. पण ते सनस्क्रीनच्या जोडीला, बदली नव्हे. तुम्ही डिसेंबरपर्यंत हे बाजूला ठेवा. पुढे घ्यायचं झालं तर १० टक्क्यांचं, छोटी बाटली, झाकण घट्ट, फ्रिजच्या दारात.

नायसिनामाइड चांगलं आहे. ते त्वचेच्या वरच्या थरातली स्निग्ध द्रव्यं वाढवतं आणि रंगद्रव्य पेशींत पोचणं अडवतं. पण ज्या चाचण्यांवर त्याचं नाव झालं त्या २ ते ५ टक्क्यांच्या. १० टक्क्यांनी दुप्पट गुण येतो असं नाही, काहींचा चेहरा लाल होतो. रेटिनॉल दोन महिने सुखाने चाललं की सकाळी ५ टक्क्यांचं सुरू करता येईल. एका वेळी एकच नवी गोष्ट, आणि तिच्यानंतर निदान महिनाभर दुसरी नाही. नाहीतर त्रास झाला तर कशाने झाला ते कळत नाही. तुमचं आज नेमकं तेच झालंय.

पेप्टाइडने, म्हणजे प्रथिनांच्या छोट्या तुकड्यांनी, अपाय होत नाही. गुणाचे पुरावे आहेत पण तुटपुंजे, आणि किंमत मोठी. ट्यूब आहे तर तीन आठवड्यांनंतर मॉइश्चरायझर म्हणून संपवा, पुन्हा आणू नका. ग्लायकोलिक ॲसिड लग्न होईपर्यंत कपाटातच राहू द्या.

पार्लरवाल्या बाईंना नम्रपणे नाही म्हणा. त्वचेचा वरचा थर ओलांडायला रेणू लहान लागतो. साधारण ५०० डाल्टनच्या (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप) वरचे रेणू आत जात नाहीत, असा एक ढोबळ नियम त्वचाशास्त्रात २००० सालापासून धरला जातो. रेटिनॉल २८६, व्हिटॅमिन सी १७६, नायसिनामाइड १२२. कोलॅजनचा रेणू तीन लाखांच्या घरात. तो चेहऱ्यावर बसून ओलावा धरेल, पण तुमच्या कोलॅजनमध्ये भर घालणार नाही. ग्लिसरीन असलेलं साधं मॉइश्चरायझरही ओलावा धरतं. प्यायच्या कोलॅजन पावडरीही याच सेटमध्ये देतात. ते मासे किंवा गुरांच्या कातड्या-हाडांतून काढतात, घरात शाकाहार असेल तर डब्याची मागची बाजू वाचा.

नणंदबाईंचं सगळंच चूक नाही. चेहरा शांत झाल्यावर चंदनाचा लेप कधीतरी लावायला हरकत नाही, हळदही चिमूटभर. त्याने सुरकुत्या जात नाहीत, एवढंच. लेपात लिंबू मात्र कधीही पिळू नका. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात गेली की भाजते आणि आठवडेच्या आठवडे टिकणारे तपकिरी डाग पडतात.

केमिस्टची ट्यूब. डागांसाठी आपल्याकडे हमखास हातात पडणाऱ्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन (डाग फिकट करणारं औषध), ट्रेटिनॉइन आणि एक स्टिरॉइड असं तिहेरी मिश्रण असतं. खोक्यावर मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांपैकी काही लिहिलंय का बघा. स्टिरॉइडने आठ दिवसांत चेहरा उजळल्यासारखा वाटतो, त्यामुळे लोक महिनोन्महिने लावत राहतात. मग त्वचा पातळ होते, लाल रेषा दिसतात, पुळ्या येतात, लव वाढते आणि बंद केलं की आग उसळते. ही औषधं चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. डॉक्टर ती देतात तेव्हा ठरावीक आठवड्यांपुरती देतात आणि मध्ये तपासतात.

डिसेंबरबद्दल खरं तेच सांगते. सप्टेंबरात सुरू केलं तर तोवर बारा-तेरा आठवडे होतील. तेवढ्यात त्वचेचा खरखरीतपणा जातो, रंग थोडा एकसारखा होतो. बारीक सुरकुत्यांत फरक दिसायला सहा महिने लागतात, जुन्या डागांना त्याहून जास्त. दहा वर्षं कुठलीही बाटली मागे नेत नाही. आणि तुमच्या वयात त्वचा भराभर बदलते ती काही तुमच्या हयगयीने नव्हे. पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन उतरतं आणि त्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत त्वचेतलं कोलॅजन सुमारे तीस टक्क्यांनी घटतं, असं मानलं जातं. मुलीच्या लग्नात आईचा चेहरा आईसारखा दिसला तर त्यात सुधारण्यासारखं काय आहे, हेही एकदा स्वतःला विचारा. नितळ आणि न चुरचुरणारा चेहरा मात्र तुम्हाला मिळायलाच हवा, आणि तो मिळण्यासारखा आहे.

लग्नाच्या धांदलीत एक गोष्ट हमखास राहते. रेटिनॉल चालू असताना वरच्या ओठाचं वॅक्सिंग केलं की त्वचेचा पापुद्रा निघून येतो आणि तिथे काळा डाग राहतो. वॅक्सिंग, ब्लीच किंवा फेशियलच्या आधी पाच ते सात दिवस रेटिनॉल बंद ठेवा, नंतरही दोन-तीन दिवस थांबा. मुलीच्या हळदीला तुमच्याही गालाला हळद लागणारच, तेव्हा त्या आठवड्यात रेटिनॉलला सुटी. शेवटच्या पंधरवड्यात चेहऱ्यावर काहीही नवीन नको, कुणीही कितीही आग्रह केला तरी.

तीन आठवडे सगळं थांबवूनही आग कमी झाली नाही, पाणी सुटलं, सूज आली किंवा एखादा डाग आकार वा रंग बदलताना दिसला तर वाट बघू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. दोन्ही गालांवर सारखे पसरलेले तपकिरी डाग वांग असू शकतात, त्याचे उपचार वेगळे आहेत आणि ते घरी करण्यासारखे नाहीत. खासगी फी परवडत नसेल तर मुंबई सेंट्रलचं नायर, विलेपार्ल्याचं कूपर, परळचं केईएम आणि सायनचं टिळक या महापालिकेच्या रुग्णालयांत त्वचारोगाची ओपीडी असते. नायर आणि कूपर तर तुमच्या पश्चिम मार्गावरच आहेत. जाताना आतापर्यंत लावलेल्या सगळ्या बाटल्या आणि केमिस्टची ती ट्यूब पिशवीत घालून न्या. नावं आठवून सांगण्यापेक्षा लेबल दाखवलेलं डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.